कडुलिंबाच्या बादलीवरून डोकं फुटलं

मंडळी, सकाळचा प्रकार डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथं लिहून मोकळी होतेय.

गारखेड्यात आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेवर आम्ही सगळ्यांनी मिळून कडुलिंब लावलेत. पिण्याचं पाणी त्यांना कुणीच घालत नाही. तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवतो, तेच घालतो.

आज शेजारचे रफिकभाई बादली ओतत होते. कोपऱ्यावरच्या घरातला माणूस फावडं घेऊनच आला. "आमच्या घशाला कोरड, अन् तुम्ही झाडाला पाजताय?"

"अरे भाई, चावल धोए सो पानी है ये," रफिकभाई म्हणाले.

त्यानं बादली लाथाडली अन् फावडं झाडावर घातलं. साल सोलून निघाली. रफिकभाई मधे पडले, तर दुसरा घाव त्यांच्या कपाळावर. रक्त डोळ्यात उतरलं. मग सगळी कॉलनी त्या माणसावर तुटून पडली. लाथा, चपला, शिव्या. त्याची कॉलर मीच टराटरा फाडली.

तेवढ्यात गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "नळ आले!"

मारणारे पळाले. मार खाणारा पळाला. मीपण पळाले; कित्येक दिवसांनी पाणी सुटलं होतं.

पाण्याची मोटार लावून रफिकभाईंना दवाखान्यात न्यायला धावले, तर ते डोक्याला रक्ताळलेला टॉवेल बांधून दारात पाइप धरून उभे! म्हणाले, "टाके नंतर ताई, आधी टाकी."

ते हसले. मला हसू आलं नाही.

पाणी रोज आलं असतं, तर आज त्या माणसाच्या हातात फावडं असतं, का बादली?