कांद्याच्या गाडीतली पुस्तकं

माझ्या तोंडाला दार नाही, हे अख्खं पिंपळे गुरव सांगेल. मावळात वाघाला हॉर्न वाजवून पळवला, पवनेच्या पुरातून गाडी पोहवत आणली — सगळं सांगून झालंय. एवढ्या तोंडातून एकच गोष्ट कधी बाहेर पडली नाही. बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो. का, ते मलाही नीट कळत नाही.

मी कंपनीची गाडी चालवतो. काही वर्षांपूर्वी चाकणच्या आमच्या कारखान्यात मशिनं बसवायला लिथुआनियाचा एक इंजिनिअर आला. योनास. रावेतला फ्लॅटमध्ये एकटाच राहायचा. सकाळी मी न्यायचो, संध्याकाळी सोडायचो. तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की माणूस पोटातलंही बोलतो. त्यानं मोडक्या हिंदीत पणजोबाची गोष्ट सांगितली. त्यांच्यावर रशियाच्या झारचं राज्य होतं. त्यांची भाषा त्यांच्या लिपीत छापायला बंदी — चाळीस वर्षं. पुस्तकं सरहद्दीपलीकडे छापायची, चोरून आणायची. पणजोबा गवताच्या गाडीत लपवून आणायचा. पकडला गेला. सैबेरियाला धाडला, तो परत आलाच नाही.

मी काय केलं असेल?

दुसऱ्या दिवशी टपरीवर तीच गोष्ट सांगितली — फक्त पणजोबाचा माझा आजा झाला, झारचा इंग्रज झाला आणि गवताचे झाले चाकणचे कांदे. कांदे उपसताना गोरा फौजदार एवढा रडला, की आज्यानंच त्याला डोळे पुसायला उपरणं दिलं. पोरं गार. आमचा संत्या म्हणाला, "भावा, तुझ्या आज्याचा पुतळा पायजे राव चौकात." मी म्हणालो, "जागा बघून ठेव."

खरा आजा हमाल होता. बाजारात कांद्याची पोती वाहायचा, सहीला अंगठा. त्यात लाजण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. तरी मी त्याला पुसला.

मग मे महिना आला. त्यांची छपाई पुन्हा मोकळी झाली, तो दिवस ते लोक दरवर्षी पाळतात. योनास म्हणाला, "बाळूभाऊ, रविवारी या. टपरीवाले दोस्त पण आणा. पणजोबाची गोष्ट सांगतो त्यांना." मी म्हणालो, "आणतो म्हणजे? रावेतचे रस्ते बंद पडतील." तो केवढा हसला — आणि मग माझ्या डोक्यात आलं: संत्यानं ती गोष्ट खऱ्या मालकाच्या तोंडून ऐकली तर?

मी कुणालाच सांगितलं नाही. निदान एकट्यानं जायचं होतं ना? तेही नाही.

रविवारी दुपारी फोन आला. म्हणालो, पोरीला ताप आहे. पोरगी खाली सायकल फिरवत होती. त्यानं विचारलं, "आणि दोस्त?"

इथं तरी थांबायचं. मी म्हणालो, "निघालेत. वाटेत आहेत."

सोमवारी त्याला घ्यायला गेलो, तर वॉचमन म्हणाला, "साहेबांनी काल सोसायटीच्या खुर्च्या मागून नेल्या हो. दार उघडं टाकून बसले होते. कुनीच न्हाई आलं. दिवस मावळायला लागला तवा एकटेच मोठ्यानं वाचत बसले. रिकाम्या खुर्च्यांना."

योनास गाडीत बसला. दोस्तांचं नाव काढलं नाही त्यानं. त्याला कळलं होतं का? मी विचारलं नाही, आणि पुढे तो त्याच्या देशी गेला. टपरीवर अजून माझ्याच आज्याची गोष्ट चालते. परवा संत्यानंच ती नव्या पोरांना सांगितली, मी बाजूला चहा पीत उभा होतो.

त्या सोमवारी उतरताना त्यानं कापडात गुंडाळलेला पाव माझ्या हातात दिला. काळपट, जड. आदल्या दिवसासाठी स्वतः भाजलेला. म्हणाला, "पोरीसाठी. ताप उतरला का?"

मी म्हणालो, उतरतोय.

पाव घरी कसा नेणार? पार्किंगला गाडी लावली, काचा वर केल्या आणि सगळा मीच खाल्ला. आंबट होता.