अण्णांचा शुक्रवार

पाठमोरा उभा राहून संवाद म्हणणाऱ्या नटाला सिनेमावाल्या अण्णांनी कधी माफ केलं नाही. "पब्लिकला पाठ दाखवतो. ह्याला पैसे कशाचे दिले?" असं ते परीक्षणात सरळ लिहायचे आणि मी माझ्या साप्ताहिकात ते तसंच छापायचो. ओठ झाकणाऱ्या मिशांवरही त्यांचा दात होता. वाचक हसायचे, मीही हसायचो. माणूस म्हटला की एखादी खोड असायचीच.

अण्णा मूळचे तेलंगणातले. कोवळ्या वयात बापाबरोबर भिवंडीच्या निजामपुऱ्यात आले आणि कापडाच्या लूमवर उभे राहिले, ते केस पांढरे होईपर्यंत. घरी तेलुगू, कामावर हिंदी. मराठी शिकले ती आमचे अंक वाचून, त्यामुळे आमच्या चुकाही त्यांनी इमानाने उचलल्या. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी आणि नवा पिक्चरही शुक्रवारीच लागतो. "देवानं हा वार माझ्यासाठीच केला," अण्णा म्हणायचे. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या खेळाला, पहिल्या रांगेत. संध्याकाळी परीक्षण माझ्या टेबलावर.

त्यांच्या शब्दाला वजन होतं. शेजारच्या राहनाळ गावच्या गोदामातली पोरं त्यांना रस्त्यात अडवून विचारायची, "अण्णा, बायकोला घेऊन जाऊ का?"

"तिला भेळ खायला ने. संसार टिकंल."

मग तो एक कौटुंबिक पिक्चर लागला. अण्णांनी लिहिलं, "आईच्या मरणाचा सीन डायरेक्टरने आवाजाशिवाय ठेवला आहे. मुलगा ओरडतो, पण आपल्याला ऐकू येत नाही. एवढं दुःख मी पडद्यावर कधी बघितलं नव्हतं." मी वाचून हललो आणि ते पहिल्या पानावर घेतलं. अंक बाहेर पडला आणि नाक्यावर लोकांची हसून हसून पोटं दुखली. त्या सीनला थिएटरचा साउंडच बंद पडला होता. लोक शिट्ट्या मारत होते, ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, आणि अण्णा पहिल्या रांगेत डोळे पुसत बसले होते.

लूमच्या खडखडाटात कान जातात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिथे माणसं एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात. अण्णा तीच सवय घेऊन थिएटरात बसत होते आणि आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पहिल्या रांगेत स्पीकरची घुमघुम तेवढी त्यांना कळायची; ती थांबली तेव्हा त्यांना ती डायरेक्टरची करामत वाटली, शिट्ट्या कानापर्यंत पोचल्याच नाहीत.

पुढच्या शुक्रवारी ते रिकाम्या हातांनी आले.

"जेवढं दिसतं तेवढंच लिहा, अण्णा," मी समोर उभा राहून म्हणालो.

"न्हाय. लोक माझ्या शब्दावर तिकीट काढतात. अर्धा पिक्चर बघून पुऱ्या पिक्चरवर बोलायचं, हे हरामाचं हाय."

मी खूप विनवलं. ते चहा न घेता गेले, आणि थोड्याच दिवसांत मुलीकडे तेलंगणात निघून गेले. त्यांच्या जागेवर मी दुसऱ्या कुणाला लिहू दिलं नाही. तिथे आता शब्दकोडं असतं. आजही ते पान लावताना मला वाईट वाटतं.

यंदा त्यांच्या मुलीचा फोन आला. अण्णा गेले. रडणं थोडं ओसरल्यावर तिने विचारलं, "अंकल, पप्पा उधर क्या लिखते थे? हमारे घर में किसी को मराठी नहीं आती."

जन्मभर लिहिलेलं त्यांच्या घरात एकालाही वाचता येत नव्हतं. मी तोच अंक काढला. लोक काहीही म्हणोत, अण्णांनी त्याहून चांगलं कधी लिहिलं नाही. हिंदी करत करत तिला सगळं वाचून दाखवलं: आईचं मरण, ओरडणारा मुलगा, न येणारा आवाज.

मग ती म्हणाली, "इस पिक्चर का नाम बताइए ना. मुझे देखना है."

मला नाव सांगवेना. तो पिक्चर फक्त अण्णांनीच बघितला होता.