दुबई म्हटलं की झालं

माझा धाकटा भाऊ दुबईला कधीच गेला नव्हता. तो सहा वर्षं ओमानमध्ये होता. सलालाह शहराबाहेरच्या एका केळीच्या बागेत पंप आणि पाइपलाइन सांभाळायचा. पण आमच्या आखाडा बाळापुरात देशाबाहेर गेलेला प्रत्येक माणूस दुबईलाच गेलेला असतो. कतारला गेला तरी दुबईवाला, कुवेतला गेला तरी दुबईवाला. भाऊ सुट्टीवर आला की बाजारात त्याला याच नावाने हाक मारत. सुरुवातीला तो चूक सांगायचा, पुढे हसून ओ द्यायला लागला.

ऑगस्टमध्ये पंप दुरुस्त करताना त्याला विजेचा धक्का बसला. तिकडून फोन आला. दफन तिथेच करायचं का, असं विचारलं. घरातला मोठा म्हणून मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गावातला एक वार्ताहर निधनाची बातमी घ्यायला आला. मी ओमान सांगितलं, तसा तो लिहिता लिहिता थांबला.

"सर, ओमान लोकाईला समजत न्हाई. दुबई टाकू का?"

"टाका," मी म्हणालो.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. नकाशांची पुस्तकं माझ्याच खुर्चीमागच्या कपाटात असतात. त्या वेळी वाद घालायचं त्राण नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मलाही तो फरक फारसा मोठा वाटला नव्हता.

ताजियतीला, म्हणजे सांत्वनाला, तीन दिवस लोक येत होते. आमच्या घरात चूल पेटली नाही. जेवणाचे डबे शेजारून यायचे. माणसं मनापासून आली होती, डोळे पुसत होती. शेजारचे काका म्हणाले, "निसती वाळू हाय तिथं. कसं राहिलं असंल लेकरू." कोणीतरी म्हणालं, वाळू असली तरी इमारती लई उंच, मान मोडते बघताना. दोघं-तिघं हसले, मग आपण कुठे बसलोय ते आठवून गप्प झाले. थोड्या वेळाने बोलणं हळदीच्या पिकावर गेलं.

अम्मी आतून सगळं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं.

"वां झाड है क्या रे? मेरे बच्चे पे छाँव है?"

मी म्हणालो, वाळवंट आहे अम्मी. तिने पदर तोंडाला लावला आणि पंखा बंद करायला सांगितला. लेकरू तापल्या वाळूत असताना तिला वारा नको होता. दोन दिवस ती तशीच घामात बसून राहिली.

पाचव्या दिवशी दुपारी त्या बागेच्या मालकांचा फोन आला. ओमानी गृहस्थ, आवाजावरून वयस्कर. कामगारांकडून शिकलेली हिंदी बोलत होते. सलाम झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा अम्मीचा गुडघा कसा आहे ते विचारलं. मग विचारलं, यंदा कयाधूला पाणी आलं का?

आमच्या नदीचं नाव त्यांना माहीत होतं. हळद उकळून कशी वाळवतात ते माहीत होतं. माझी पुस्तकं घरात मावत नाहीत, हेही. रोज संध्याकाळी ते माझ्या भावाला बसवून विचारायचे आणि तो सांगायचा.

आम्हालाही तो सांगू पाहायचा. दर शुक्रवारी फोनवर "भाईजान, इथं ना..." अशी सुरुवात करायचा. मी विचारायचो, जेवलास का, सुट्टी कधी. फोन स्पीकरवर असायचा आणि माझ्या हातात वर्तमानपत्र. त्यातलं परदेशाचं पान मी न वाचताच उलटायचो.

कबरीपाशी झाड आहे का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "त्याने कधी सांगितलं नाही?" म्हणाले, जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे धुकं असतं, भुरभुर पाऊस असतो. डोंगर हिरवे होतात, उंट गवतात चरतात. कबरस्तानात झाडं आहेत. मग त्यांनी व्हिडिओ पाठवला. ओल्या मातीचा उंचवटा, मागे झाडांची रांग, त्यापलीकडे हिरवा उतार धुक्यात गेलेला.

अम्मीने तो तीनदा पाहिला. मग म्हणाली, पंखा लाव.

संध्याकाळची वाट न बघता मी तो व्हिडिओ शेजारच्या काकांना नेऊन दाखवला. "हे दुबई न्हाई," ते म्हणाले. "तुमाला गंडवून राहिलेत, सर." फोन माझ्या हातात परत दिला आणि आज शेतावर लाईट कधी येणार ते सुनेला विचारू लागले. मला राग यायला हवा होता. आला नाही. पाच दिवसांपूर्वी मीही तेच म्हणालो असतो.

घरी आलो तर अम्मी जानमाज अंथरून बसली होती. त्या भल्या माणसासाठी तिला दुआ मागायची होती. त्यांचं नाव काय, तिने विचारलं.

अर्धा तास बोलून मी त्यांचं नाव विचारलं नव्हतं. फोन हातात घेतला. आमच्या घड्याळात साडेचार वाजले होते. तिकडे किती वाजले असतील, ते मला माहीत नव्हतं.