रिकाम्या ट्रॉलीला निरोप

सिंदीच्या जिनिंगमध्ये कापूस घेऊन गेलं की फाटकाच्या आत तो उभा दिसतो. चाळिशीचा, सडपातळ, डोक्याला रुमाल. आपण ट्रॅक्टर मागे घेऊ लागलो की तो समोर उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करतो आणि जागा आली की डोक्यावर हातांची फुली करतो. ओरडत कधीच नाही. बाकीचे ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणून घसा फोडतात, तेही ट्रॉली भिंतीला लागेपर्यंत.

ट्रॉली रिकामी होऊन निघाली की तो एक हात वर करतो, आणि चालक वळून पाहीपर्यंत खाली घेत नाही. मला ते जरा अतीच वाटायचं. एकदा चहा पिताना विचारूनच टाकलं, “भाऊ, हे काय नवीन?”

“नवीन नाई, जुनंच हाय. नागपूरले स्वस्तातल्या विमानाची एक कंपनी होती. विमान जागेवर लावाचं काम होतं माह्यं. विमान निघालं का पायलटले हात कराचा, असा रिवाज होता.”

“मग?”

“एक दिवस ऊन लय होतं. म्या म्हटलं, उद्या करू. सायंकाळी कंपनी बंद झाली.”

कप ठेवून तो पुढच्या ट्रॅक्टरकडे गेला.

एरवी मी आरशातही बघत नसे. त्या दिवशी फाटकात ट्रॅक्टर थांबवला, वळलो आणि हात केला. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजू दिले.