गिधाडाची खरी कुस्ती

पन्नाशी उलटली की माणूस खुर्चीतून उठतानाही आधी विचार करतो. पोलाद त्या वयात रिंगच्या सगळ्यात वरच्या दोरावर चढायचा, लोकांकडे बघून छाती बडवायचा आणि खाली उताणा पडलेल्या माणसावर धाडकन उडी घ्यायचा. खालच्या माणसाला साधा ओरखडाही येत नसे. धंद्यातली तरणीताठी पोरं त्याच्याबरोबर लढायला मिळावं म्हणून मालकाच्या मागे लागत. पोलादच्या हाताखाली गेलेला माणूस स्वतःच्या पायांनी घरी जातो, असं त्याच्याबद्दल बोललं जाई.

ही तिकिटाची कुस्ती. कोण जिंकणार, कोण हरणार हे आधीच ठरलेलं असतं आणि ते लोकांनाही मनातून ठाऊक असतं. पण पडणं खरं असतं. फळ्या, त्यांच्यावर पातळशी गादी, वर ताणलेलं कापड, बस. हे सगळं नाटक आहे असं ज्याला वाटतं त्याने घरी एकदा उभ्याने पाठीवर पडून बघावं.

घरी पोलादचा अवतार निराळा होता. सकाळी आधी कुशीवर, मग कोपरावर, मग पलंगाच्या कडेला बसून गुडघ्यांची मनधरणी. त्याची बायको एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. कामावर जाण्याआधी ती त्याच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायची.

"बाहेर वाघ आणि घरात वाकता येत नाही," ती म्हणायची. "हा खेळ दाखवा की लोकांना. तिकीट दुप्पट लावता येईल."

"मालकाला सुचव," तो म्हणायचा. "त्याच्या डोक्यात तसंही काही नसतं."

त्याचा जोडीदार गिधाड. या धंद्यात जोडीदार म्हणजे शत्रू. लांब मान आणि बाकदार नाक, त्यामुळे नाव आपोआपच पडलेलं. रिंगमध्ये तो एक नंबरचा हलकट. पंचाची पाठ वळली की केस ओढणार, डोळ्यांत बोटं घालणार. लोक त्याला शिव्यांची लाखोली वाहायचे, एकदा तर एका आजीबाईंनी त्याच्या पाठीत छत्री घातली होती. बाहेर मात्र तो असा की, रस्त्यात कुणाचा धक्का लागला तर हाच माफी मागायचा. मिसरूड फुटल्यापासून दोघं एकमेकांना आपटत आले होते. "बायकोला मारल्या नसतील तेवढ्या मिठ्या तुला मारल्यात," असं गिधाड चारचौघांत म्हणायचा आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याला चिमटा काढायची.

दोघांमधलं डोकं गिधाडाचं. एकाची मान दुसऱ्याच्या बगलेत असली की तोंडं लोकांना दिसत नाहीत. त्या आडोशाला गिधाड पुढचा डाव कुजबुजायचा आणि मनगट दाबायचा. समोरच्यानेही दाबलं की समजायचं, ठीक आहे, लागलेलं नाही, चल पुढे.

एका रविवारी दुपारी हॉल अर्धाच भरला होता. गिधाडाने पोलादला दोरांकडे भिरकावलं, परत येताना छातीत हात मारून पाडलं. ठरल्याप्रमाणे. पोलाद उठला, तर गिधाडाने त्याला पुन्हा भिरकावलं, पुन्हा तोच हात. मग आणखी एकदा. लोकांत चुळबुळ सुरू झाली. पोलादने त्याची मान बगलेत घेतली आणि कानाशी म्हणाला, "अरे, झालं की हे. आता खांद्यावर घे मला."

मग गिधाड म्हणाला, "तू कोण आहेस?"

पोलादला वाटलं, चेष्टा करतोय. पण बगलेतली मान लाकडासारखी ताठ होती. चेष्टा करणारा माणूस मान सैल सोडतो.

"मी तुझा मित्र आहे," तो म्हणाला. "सांगतो तसं कर. डावीकडे वळ. हां. आता ढकल मला."

गिधाडाने ढकललं. ते एवढं जोरात आणि एवढं अवेळी की पोलाद दोरांमधून थेट बाहेर, पहिल्या रांगेच्या पायांशी जाऊन पडला. लोक उभे राहिले. पुढे काय होणार हे गिधाडाला ठाऊक नव्हतं आणि आता पोलादलाही नव्हतं. पोलादने कसाबसा रेटत, कुजबुजत, स्वतः पडत, खेळ शेवटाला नेला. टाळ्या थांबेनात.

मालक कपडे बदलायच्या खोलीत हात चोळत आला. "म्हाताऱ्यांनो, कुठल्या गिरणीचं पीठ खाऊन आलात आज? पुढच्या महिन्यापासून तुम्हाला सुरुवातीच्या कुस्तीला ढकलणार होतो. आता शेवटची कुस्ती तुमचीच."

गिधाड बाकावर बसून हातातल्या बुटाकडे बघत होता. "हा कुठल्या पायाचा रे?" त्याने विचारलं, आणि सगळे हसले म्हणून तोही हसला.

चार दिवसांनी वहिनी पोलादच्या घरी आली. स्वयंपाकघरात बसली आणि हातातला रुमाल पिळत राहिली.

"भाऊजी, हे परवा दूध आणायला गेले ते दुसऱ्याच्याच दारात सापडले. आपली किल्ली त्यांच्या कुलपात फिरवत होते. ते लोक पोलिसांना बोलावणार होते. नशीब, एकाने ओळखलं. अरे, हा तर गिधाड, म्हणाला."

"डॉक्टर काय म्हणतात?" पोलादच्या बायकोने विचारलं.

"डोक्याला इतकी वर्षं बसलेले मार आहेत. आता एकही बसता कामा नये, म्हणाले."

"मग झालं तर. घरी बसवा त्यांना."

वहिनीने मान हलवली. "घरी बसवलं की मला विचारतात, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? आणि रविवारी हॉलमधून परत येतात तेव्हा माझ्या नावाने हाक मारतात. जेवताना बोलतात. दोन दिवस टिकतं ते. भाऊजी, तेवढे दोन दिवस माझ्याकडून काढून घेऊ नका. मालकाला सांगू नका."

पोलादने शब्द दिला. "त्याच्या डोक्याला काही लागू देणार नाही मी."

त्याने तो शब्द पाळला, आणि त्याची किंमत स्वतःच्या हाडांनी दिली. गिधाडाला उचलून आपटायचे सगळे डाव त्याने गाळले. पडायचं ते याने, आपटून घ्यायचं तेही याने. गिधाड कुठल्याही क्षणी काहीही करे. कधी मध्येच थांबून छताकडे बघत राही, कधी पंचालाच धरी. पोलाद प्रत्येक वेळी त्यातून काहीतरी उभं करी. हॉल भरू लागला. या वयात ही कमाल कशी जमते, असं लोक एकमेकांना विचारू लागले. पोलाद ते ऐकायचा आणि त्याला बरं वाटायचं. इतक्या उशिरा कुणी आपल्यासाठी उभं राहील असं त्याला वाटलं नव्हतं.

हिवाळ्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. एकदा हातातून चहाचा कप निसटला. बायकोने तुकडे गोळा केले आणि खाली बसल्या बसल्याच विचारलं, "तुम्ही त्यांना सांभाळताय की टाळ्यांना?"

"त्यालाच," तो म्हणाला.

"माझ्याकडे बघून म्हणा."

त्याने बघितलं नाही. ती उठली आणि तिने तुकडे टोपलीत टाकले.

त्या दोघांची अखेरची कुस्ती झाली तेव्हा हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. रिंगमध्ये दिवे लागले, लोक ओरडू लागले आणि पोलादने बघितलं, गिधाडाचे डोळे घाबरलेले आहेत. अनोळखी जागी कुणीतरी अंगावर धावून आल्यासारखे. पोलादने हळूच मान पुढे केली, म्हणजे तो बगलेत घेईल आणि बोलता येईल. गिधाडाने मान बगलेत घेतली आणि आवळली.

हे आवळणं धंद्यातलं नव्हतं. पोलादने मनगट दाबलं. उत्तर नाही. पुन्हा दाबलं.

"मला मारायला आलास?" गिधाड दातओठ खाऊन म्हणत होता. "मला मारणार तू?"

"मी आहे रे," पोलादच्या घशातून कसंबसं निघालं. "सोड."

सुटायचा उपाय त्याला माहीत होता. कोपर मागून वर, थेट कानशिलावर. गिधाड कोसळला असता. धंद्यातल्या कुणीही तेच केलं असतं आणि कुणी दोष दिला नसता. पोलादने कोपर उचललंही. मग ते खाली सोडलं. अंग ढिलं टाकलं, सुटका होईल या आशेने. पण गिधाडाला ते कळलं नाही. त्याने सगळा भार टाकून त्याला तसंच खाली नेलं, आणि मानेत काहीतरी ओली फांदी मोडावी तसं वाजलं.

पंच धावला, त्याने गिधाडाची बोटं एकेक करून सोडवली. लोकांना तेही खेळातलंच वाटलं. ते आयुष्यात पहिल्यांदाच गिधाडाच्या नावाचा जयघोष करत होते. गिधाड मधोमध उभा होता. त्याने खाली बघितलं. पोलाद हलत नव्हता. गिधाडाने दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

पोलाद वाचला. मानेचं ऑपरेशन झालं, कित्येक आठवडे छतावरचे डाग बघण्यात गेले. उजवा हात खांद्यापासून लोंबू लागला तो कायमचा. वजन उतरलं; त्याचे सदरे बायकोने आत घेऊन शिवले, मग पुन्हा आत घेतले. मालक एकदा फळं घेऊन आला, मान खाली घालून बसला आणि परत आला नाही.

वहिनीचा फोन उन्हाळ्यात आला. रडतच बोलत होती. "यांना बाकी काही आठवत नाही, भाऊजी. मी आठवत नाही. पण ते एकच धरून बसलेत. मी माणूस मारला म्हणतात. जेवत नाहीत. सारखे हात धुतात. तुम्ही या. तुम्हाला बघितलं की पटेल त्यांना."

पोलाद बायकोला घेऊन गेला. गिधाड खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. हातांची कातडी धुऊन धुऊन सोललेली. पोलाद समोर बसला.

"ओळखलंस का? मी पोलाद."

गिधाडाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. गळ्यातला पट्टा, मांडीवर पडलेला हात, सदऱ्यात हरवलेले खांदे.

"नाही," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "तुम्ही कसे असाल? तो केवढा होता. दारातून आडवा होऊन यायचा. मी मारला त्याला."

"अरे, मेलो नाही मी. जिवंत आहे. बघ." पोलादने डाव्या हाताने त्याचा हात धरून आपल्या मानेकडे नेला. "पकड. नेहमीसारखं पकड, मग कळेल."

गिधाडाने चटका बसावा तसा हात मागे ओढला. "नको. मी आता कुणाला हात लावत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मनगट दाबत होता हो तो. मला कळत होतं, तो काहीतरी सांगतोय. काय ते आठवेना."

वहिनी दारातून आत निघून गेली.

बाहेर आल्यावर बायकोने त्याचा लोंबता हात उचलून आपल्या हातात घेतला. "त्या दिवशी कोपर का नाही मारलंत?"

"डॉक्टरांनी एकही मार नको म्हटलं होतं."

"आणि आता काय राहिलं त्यांच्यात?"

"ते तेव्हा कुठे माहीत होतं," तो म्हणाला.

तो पुन्हा गेला. दर आठवड्याला जात राहिला. जुने फोटो नेले, पंचाला साक्षीला नेलं, एकदा तर रिंगमधली निळी विजार चढवून गेला. ती कमरेला दोरीने बांधावी लागली. गिधाड प्रत्येक वेळी आदराने उठून बसायचा, पाहुण्याची विचारपूस करायचा आणि मग तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायचा. पोलाद ती पूर्ण ऐकून घ्यायचा. शेवटी शेवटी त्याने आपलं नाव सांगायचंही सोडून दिलं.

पानगळीच्या दिवसांत एका दुपारी गिधाड गेला. जाण्याआधीच्या तासाभरात त्याने पाणी मागितलं, हात पुढे केले, आणि पोलादने ओल्या फडक्याने ते पुसून दिले.

"निघालं का?" गिधाडाने विचारलं.

"निघालं. स्वच्छ आहेत."

गिधाडाने हात उलटसुलट करून पाहिले, नाही अशी मान हलवली, आणि पुन्हा पुढे केले.