एक साइज मोठंच

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेशी तिचा संबंध आठवीतच सुटलेला. ही मास्तरीण शिलाई मशीनची. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, पडद्याआड माप घ्यायचा कोपरा आणि तिथे उंच आरसा. तिचा एकच कायदा होता: बेतताना हातचं राखावं. पहिल्या धुण्यात कापड आटतं. जास्तीचं आत घेता येतं, कमी पडलेलं काय आभाळातून आणणार? यावर कोणी वाद घातलाच, तर ती ओठांत धरलेल्या टाचण्यांसकट अशी बघायची की समोरचीची बोलती बंद.

मग कॅन्सर झाला आणि डावा स्तन काढावा लागला. जीव वाचला, हेही नसे थोडके. तिने ब्लाउजात स्पंज शिवला, गिऱ्हाइकांना पत्ता लागू दिला नाही. पण नवऱ्यापासून काय लपवणार? तो बस डेपोत मेकॅनिक, अबोल माणूस. त्याने कधी वावगा शब्द काढला नाही. फक्त ती कपडे बदलायला लागली की खोलीबाहेर जायचा आणि झोपताना भिंतीकडे तोंड करायचा. मेला भांडला असता तरी चाललं असतं, भांडणाला उत्तर देता येतं. त्याने एकदा पुन्हा आपल्याकडे बघावं, एवढ्याचसाठी तिने इम्प्लांट बसवायचं ठरवलं.

डॉक्टरांनी टेबलावर सिलिकॉनचे नमुने मांडले, काही गोल, काही थेंबासारखे. तिने ते कापडाचा पोत बघावा तसे चिमटीत धरून पाहिले. रेडिएशनने तिथली कातडी पातळ आणि ताठ झाली आहे, लहानच घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. लहान नमुना आत धरून ती आरशासमोर उभी राहिली, तर उजव्या बाजूपुढे उणा दिसला. झालं, मास्तरीण जागी झाली. एक साइज मोठंच घालू, म्हणाली, बसेल अंगाला हळूहळू. कातडी म्हणजे कापड नव्हे, ताण सोसणार नाही, असं डॉक्टरांनी परोपरीने समजावलं आणि घरी जाऊन विचार करायला सांगितलं. तिने विचार केला आणि परत येऊन तेच सांगितलं. शेवटी धोका पुन्हा बजावून ते तयार झाले. नाकापेक्षा मोती जड ही म्हण तिच्या तोंडी कायम असायची, पण दुसऱ्या बायकांसाठी.

ऑपरेशन झालं, टाके निघाले. एका संध्याकाळी ती नवा ब्लाउज घालून आरशात बघत होती आणि नवरा दारात आला. आला तो थांबला. "छान बसलाय," म्हणाला. एवढ्यावर बाई हरखून गेली, किती तरी दिवस गुणगुणतच मशीन चालवत होती.

म्हणून तर व्रणावर लाल चट्टा उठला तेव्हा ती कोणाला बोलली नाही. डॉक्टर म्हणणार, सांगितलं होतं ना. आणि नवरा पुन्हा खोलीबाहेर जाणार. ब्लाउज काचत असेल म्हणून तिने बगलेची शिवण उसवून सैल केली. कातडीला कुठली आलीय शिवण! ताप चढला, व्रण उकलला, इम्प्लांट काढून टाकावं लागलं. तिथे आता काहीच बसवता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढे कधी तरी, तिने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

नवरा खाटेशेजारी स्टुलावर बसला होता. म्हणाला, "मी कधी काही म्हणालो होतो का तुला?"

"नाही म्हणालात," ती म्हणाली. "कधीच काही म्हणाला नाहीत."

आता दुकान पुन्हा सुरू आहे. गिऱ्हाइकं तिचाच कायदा तिला ऐकवतात, जरा मोठंच ठेवा हं, मागाहून आत घेता येईल. ती हो म्हणते आणि जास्तीचं कापड सोडते.

जखम अजून भरलेली नाही. डेपोत जायच्या आधी नवराच पट्टी बदलतो. ती खुर्चीत बसते, खांद्यावरून ब्लाउज उतरवते. तो जुनी पट्टी काढतो, पुसतो, मलम लावतो, नवी चिकटवतो. हात हलका आहे त्याचा. पण सगळा वेळ बघतो खिडकीकडे.

"इकडे बघा ना," ती काल म्हणाली. "चुकेल."

"नाही चुकत," तो म्हणाला. "सवय झालीय."

आणि खरंच, पट्टी अगदी जागेवर बसली होती.