पुढची जागा, मागचं फाटक

व्हर्ना कूकेलला गाडी लागत नव्हती. जन्मात कधी लागली नव्हती. लहानपणी बापाच्या पिकअपच्या हौद्यात, दोन कुत्री आणि एक मेलेली मेंढी यांच्या मधोमध बसून ती दगडाधोंड्यांतून दिवसभर हिंडायची, आणि उतरल्यावर तिचा पहिला प्रश्न असायचा, "जेवायला काय आहे?" पण लिंडसे फिट्झनरच्या गाडीत मात्र तिला लागायची. निदान ती तसं सांगायची, आणि इतकी वर्षं सगळे ते ऐकून घेत आले होते.

लिंडसे दर हिवाळ्यात पोर्ट ऑगस्टाहून दहा-बारा माणसं गाडीत घालून उत्तरेच्या रानात नेतो. त्याचे नियम थोडे, पण पक्के. रोज सकाळी प्रत्येकानं एक जागा सरकायचं. "माझ्या गाडीत लाडका कुणी नाही," असं तो निघतानाच बजावतो. ड्रायव्हरशेजारी जागा एकच. तिथं जो बसेल त्यानं दिवसभर फाटकं उघडायची आणि लावायची. मेंढ्यांच्या रानातून जायचं म्हणजे फाटकामागून फाटक. आणि सर्वांत मागे जो बसेल त्यानं गाडी पुढे निघाली की काचेतून बघायचं. लिंडसे ओरडतो, "मागे, फाटक?" मागच्यानं सांगायचं, "बंद." मग लिंडसे वेग घेतो.

या सरकासरकीतून सूट एकीलाच होती. जिला गाडी लागते तिला.

हे खोटं व्हर्नाला सुचलं ते रॉन गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. रॉन तिचा नवरा. खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, दुकानामागे घर, घरामागे कोंबड्या, आणि त्यापलीकडच्या जगाशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याच्याबरोबरच्या संसारात व्हर्नानं हजारो बिजागऱ्या विकल्या, पण फाटक एकही उघडलं नाही. तो गेल्यावर शेजारणीनं तिला जबरदस्तीनं लिंडसेच्या गाडीत बसवलं. गाडीत पाय ठेवताच व्हर्नाला ती पुढची जागा दिसली आणि तोंडातून आपसूक निघालं, "मला मागे बसलं की मळमळतं."

पहिल्या फाटकाशी लिंडसेनं गाडी थांबवली आणि समोर बघतच म्हणाला, "व्हर्ना, फाटक."

एवढंच. पण ते शब्द पुन्हा ऐकायला ती पन्नास वर्षं थांबली होती. बापाच्या पिकअपमध्ये पुढे बसायची ती थोरली बहीण, इल्मा. "इल्मा, फाटक," बाप म्हणायचा, आणि इल्मा वेणी पाठीवर टाकत अशी उतरायची, जणू किल्ल्याचा दरवाजा उघडायला निघालीय. व्हर्ना हौद्यात, कुत्र्यांत. पुढे इल्माचं लग्न झालं, जागा रिकामी झाली, व्हर्ना पुढे आली, आणि त्याच वर्षी दुष्काळानं टेकीला आलेल्या बापानं मेंढ्यांचं रान विकून टाकलं. एका उन्हाळ्यापुरती काय ती पुढची जागा मिळाली होती.

म्हणून लिंडसेशेजारची जागा तिची. लिंडसे एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं मँडरिन संत्रं सोलायचा, अर्धं स्वतःच्या तोंडात, अर्धं न बघता तिच्यापुढे. यात प्रेमबिम काही नाही, असं व्हर्ना स्वतःला बजावायची. बजावताना केस मात्र नीट करायची.

आणि यंदा आली कोराली ट्रेगेन्झा.

मूंटा गावची. चर्चमध्ये गाणारी. गळ्यात लाल रुमाल, हसायला लागली की गाडी हलायची. पहिल्या दिवशी ती शेवटच्या ओळीत बसली होती. डांबरी रस्ता संपला, पन्हळी पत्र्यासारखा कच्चा रस्ता सुरू झाला, आणि कोरालीनं शेजारच्या क्लाइव्हच्या मांडीवरची टोपी उचलून तिच्यात सकाळचा सगळा नाश्ता परत केला.

क्लाइव्ह निवृत्त पोस्टमास्तर. रागावणं त्याच्या रक्तात नव्हतं. "टोपी नवी होती," तो म्हणाला. "कुणाला दोष देत नाही. माहिती म्हणून सांगतो."

लिंडसेनं कोरालीला पाणी दिलं, तिच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग व्हर्नाकडे. "आता लागणाऱ्या दोघी झाल्या. आणि जागा एक."

"मग?" व्हर्ना म्हणाली.

"आज तू बसलीस. उद्या ती बसेल."

"मला काय," व्हर्ना म्हणाली, "मी सोशीन." आणि तिनं असा उसासा टाकला की क्लाइव्हनं टोपी धुता धुता वर बघितलं.

दुसऱ्या दिवशी व्हर्ना शेवटच्या ओळीत, क्लाइव्हच्या शेजारी. इंजिनाच्या घरघरीत पुढचं बोलणं ऐकू येईना. दिसत होते फक्त दोन खांदे. लिंडसेचा एकदा हलायचा, मग कोरालीचा, मग दोन्ही एकदम. काय एवढं हसायचंय? उंटाच्या शर्यतीची गोष्ट सांगत असेल. ती गोष्ट व्हर्नाला शेवटच्या ओळीसकट पाठ होती, तरी ती दुसऱ्या कुणाला सांगितली जातेय हे तिला सोसवेना.

मग फाटक आलं. कोराली उतरली, साखळीशी झटली, उलटी ओढली, हसली. आणि लिंडसे खाली उतरला. तिच्या मागे उभं राहून, तिच्या हातावरून हात नेऊन त्यानं साखळी कशी अडकवायची ते दाखवलं. इतक्या वर्षांत व्हर्नासाठी तो कधी उतरला नव्हता. गरजच पडली नव्हती. आपल्याला फाटक उघडता येतं याचा व्हर्नाला आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

"शिकवणी चाललीय," क्लाइव्ह म्हणाला.

"साखळीच आहे. पियानो नाही," व्हर्ना म्हणाली.

चहाला थांबले तेव्हा कोराली पेला घेऊन तिच्याजवळ आली. "व्हर्ना, तुझ्या जागेवर बसलेय, मला इतकं ओशाळं वाटतंय बघ."

सगळी गाडी पहिल्या चहालाच एकमेकांना अगं-तुगं करू लागली होती. व्हर्ना म्हणाली, "छे, बसा ना तुम्ही. तब्येत तुमची महत्त्वाची."

"तुला बरं आहे ना पण मागे?"

"डोकं जरा जड आहे," व्हर्ना म्हणाली. तिच्या तोंडात मटणाचं सारण भरलेली पेस्टी होती आणि हातात दुसरी.

"खा, खा," क्लाइव्ह म्हणाला. "आजाऱ्याला ताकद हवी."

लिंडसेनं पेस्टीकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ना पिशवी घेऊन पुढच्या दाराशी गेली, तर तो सहज बोलावं तसं म्हणाला, "मागची हवा मानवलीय तुला. कोरालीला राहू दे पुढे."

सगळ्यांदेखत. व्हर्ना पिशवी उचलून मागे गेली. मागे जाताना प्रत्येक सीटवरून बघणारे डोळे तिला लागत गेले.

विलारूची हद्द दुपारच्या आत आली. विलारू हे बेव्हचं मेंढ्यांचं रान. बेव्ह तिथं एकटी राहते आणि लिंडसेच्या गाडीला आपल्या रानातून वाट देते ती एका अटीवर: फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. तिथलं मधलं फाटक सर्वांत महत्त्वाचं. अलीकडे एडके, पलीकडे मेंढ्या; वेळेआधी त्यांची गाठ पडता कामा नये.

कोरालीनं फाटक उघडलं, गाडी पलीकडे गेली, तिनं फाटक ओढून साखळी खिळ्यावर टाकली आणि रुमाल सावरत पळत येऊन पुढे बसली. गाडी हलली. व्हर्ना काचेतून बघत होती. साखळी खिळ्याच्या टोकाला नुसती टेकली होती. वारा आला. साखळी घसरली. फाटक हातभर उघडलं, जरा थांबलं, आणि मग आणखी उघडलं. लांब झुडपाखाली बसलेल्या एडक्यांतल्या एकानं मान वर केली.

पुढून आवाज आला, "मागे, फाटक?"

पुढे मँडरिन सोललं जात होतं. अर्धं कोरालीच्या हातात पडताना व्हर्नानं बघितलं.

"बंद," ती म्हणाली.

क्लाइव्ह डुलकी घेत होता. लिंडसेनं वेग घेतला. मागे धूळ उठली आणि फाटक दिसेनासं झालं.

सुरुवातीला तिला बरं वाटलं. संध्याकाळी बेव्ह येईल, विचारील, फाटक कुणाचं? कोरालीचं. मग लिंडसेचा तो खांदा हलतो का बघू. पण गाडी जसजशी पुढे जाऊ लागली तसतसं तिच्या पोटात काहीतरी वर चढू लागलं. कोरड्या ओढ्यात जेवणासाठी गाडी थांबली. व्हर्ना उतरली, निलगिरीच्या बुंध्याला हात टेकला आणि भडाभडा ओकली. फांदीवरचे गुलाबी काकाकुवे ओरडत उडाले.

सगळे धावले. कोरालीनं आपला लाल रुमाल ओला करून तिच्या मानेवर ठेवला. "बघ लिंडसे, बिचारीला खरंच होतंय. आणि आपण तिला मागे कोंबली. व्हर्ना, तू पुढे बस. मी मागे टोपी घेऊन बसते."

"माझी नको," क्लाइव्ह म्हणाला.

लिंडसे खजील झाला होता. त्यानं स्वतः तिची पिशवी पुढे आणून ठेवली, दार उघडून धरलं. व्हर्नाला जे हवं होतं ते सगळं एकदम मिळालं: जागा, उघडं दार, शेजारी तो. गाडी निघाली. थोड्या वेळानं न बघता त्याचा हात पुढे आला. हातात अर्धं मँडरिन.

"चुकलो मी," तो हळूच म्हणाला. "वाटलं, तू नाटक करतेस. क्लाइव्ह मागे असला की मी आरशात दोनदा बघतो. कालपासून तू 'बंद' म्हणतेस, तर बघतच नाही."

मँडरिनची फोड व्हर्नाच्या तोंडात होती. ती गिळता येईना, थुंकता येईना.

"गाडी फिरव," ती म्हणाली.

"पुन्हा होतंय?"

"फिरव. मधलं फाटक उघडं आहे."

"तूच तर..."

"मी बघितलं होतं. साखळी पडताना बघितली, आणि बंद म्हणाले."

मागून कोरालीचा बारीक आवाज आला, "म्हणजे मी लावलंच नव्हतं?"

लिंडसेनं वळताना व्हर्नाकडे बघितलं नाही. सूर्यास्ताला पुढच्या घळीत पोचायचं होतं, तो बघायलाच अर्धी माणसं आली होती. ते गेलं. परतीच्या सगळ्या वाटेवर तो समोर बघून गाडी हाकत राहिला. तो शिव्या देता तर व्हर्नाला बरं वाटलं असतं.

फाटकाशी बेव्ह मोटरसायकलवर आधीच येऊन उभी होती, कुत्रं मागच्या सीटवर. पलीकडे मेंढ्यांच्या घोळक्यात वळलेल्या शिंगांची डोकी ठळक दिसत होती.

"फाटक कुणी लावलं?" बेव्हनं विचारलं.

"मी," कोराली म्हणाली.

"तिनं चुकून," व्हर्ना म्हणाली. "बंद आहे असं मी सांगितलं. ते चुकून नाही."

बेव्हनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "रानातली आहेस?"

"जन्म रानातला."

"मग तुला मी काय सांगू? आज हे एडके मेंढ्यांवर गेले, तर कोकरं नाताळात, भर उन्हाळ्यात जन्मतील. आई उठायच्या आत कावळे त्यांचे डोळे काढतात. ते बघायला तू येणार आहेस, की ही सगळी?"

बेव्हनं शिट्टी मारली. कुत्रं उडी मारून गेलं. गाडीतली सगळी माणसं हात पसरून एका ओळीत उभी राहिली आणि झुडपांमधून पुढे सरकू लागली. कोराली एका टोकाला, व्हर्ना तिच्या शेजारी.

"मी काय केलं होतं गं तुझं?" कोरालीनं चालता चालता विचारलं.

"काही नाही. तुझ्यासाठी तो खाली उतरला."

"मला येत नव्हतं म्हणून."

"तेच तर," व्हर्ना म्हणाली. "डावीकडे बघ, तुझ्या बाजूनं निसटतोय."

अंधार पडता पडता एडके अलीकडे आले. एक म्हातारा एडका सर्वांत शेवटी, डुलत डुलत, कुणाची पर्वा न करता आला.

"यानं काम उरकलंय," बेव्ह म्हणाली आणि फाटक स्वतः लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी काही सांगायच्या आत व्हर्ना सर्वांत मागे जाऊन बसली. कोराली पुढे. पहिलं फाटक आलं. कोरालीनं साखळी दोनदा हलवून बघितली. गाडी हलली आणि लिंडसेचा आवाज आला.

"क्लाइव्ह, मागे बघ रे. फाटक?"

क्लाइव्ह व्हर्नाच्या पुढच्या ओळीत होता. काचेतून बघायला त्याला उठून, तिच्या खांद्यावरून वाकावं लागलं. तो अवघडला. "माफ कर हं," तो तिला म्हणाला. मग पुढे ओरडला, "बंद."

पुढच्या फाटकाशीही क्लाइव्ह. त्याच्या पुढच्याशीही. आपण तिथं बसलोच नाही आहोत असं व्हर्नाला वाटत होतं. समोर दोन खांदे. आज ते हलत नव्हते, पण शेजारी शेजारी तर होते.

दुपारच्या फाटकाला क्लाइव्ह घोरत होता. "मागे..." लिंडसेनं सुरुवात केली आणि थांबला. नाव घेतलं नाही. गाडी हळूहळू सरकत होती.

"थांबव," व्हर्ना म्हणाली.

ती दार उघडून उतरली, धुळीतून मागे चालत गेली, साखळीत हात घातला, फाटकाला छातीनं रेटा दिला. सगळे काचेतून बघत होते. परत येऊन ती पायरीवर उभी राहिली.

"बंद आहे. हात लावून आले."

लिंडसेनं मान हलवली. त्या दिवशी प्रत्येक फाटकाशी ती तशीच उतरली, आणि लिंडसे दर वेळी थांबला. ती बसेपर्यंत गाडी हलली नाही.

संध्याकाळच्या सुमाराला पुढून एक मँडरिन हातोहात मागे आलं. सोललेलं, अर्धं. क्लाइव्हनं ते तिच्या हातावर ठेवलं. व्हर्नानं मान उंचावून पुढे बघितलं. कोरालीच्या हातातही अर्धं होतं, आणि ते अर्ध्याहून नक्कीच मोठं होतं.